नोराचे कंद

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, कारण यात माझ्याइतकं हलकट कुणी नाही. काल दुकानात सायक्लॅमेनच्या फुलांची कुंडी दिसली आणि आयर्लंडमधल्या नावन गावची, माझ्या लेकीची म्हातारी शेजारीण नोरा आठवली.

२०२० च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे होतो, तेव्हा इस्पितळात जाताना तिने बाग माझ्यावर सोपवली. दगडांमधले सायक्लॅमेनचे वाळके कंद मेलेत असं ठरवून मी शहाण्याने ते कचऱ्यात टाकले. ते उन्हाळाभर नुसते झोपतात, हे कुणाला विचारायची अक्कल नव्हती.

सप्टेंबरात ती रिकाम्या दगडांपाशी वाकून म्हणाली, "मधू, फुलं इथेच यायची ना? की डोकं गेलं माझं?"

"मी तरी कधी पाहिली नाहीत," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. नाताळाआधी ती वारली. कुंपणावरून एवढंच म्हणायचं राहिलं: "नोरा, कंद मी फेकले. तुमचं डोकं शाबूत आहे. मला माफ करा."