ओढ्यातला रस्ता

माझ्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखव! नाय ठेवणार तू. सगळे म्हणतात, म्हातारी फेकते. पण या नकाशाच्या कामात असले किस्से साचतात, मोरीतल्या भांड्यांसारखे. एक घासावं तर चार येऊन पडतात.

माझी नात प्रणाली पंचवटीत आमच्या घरी बसून कॉम्प्युटरवर नकाशा करते. फुकट. तिच्यासारखे लय जण हायेत. आकाशातून काढलेल्या फोटोवर बघून घरं, रस्ते आखायचे. दुसऱ्यानं तपासायचे. मग ते सगळ्यांच्या मोबाईलवर! मी शेजारी लसूण सोलत होते. म्हटलं, "अगं, ते घर नाय, पेंढ्याची गंजी हाय. घराला अंगण असतं, पायवाट असते. याला कुठंय?"

तिनं आ वासला. त्या दिवसापासून मी तपासणारी. चौथी नापास तपासणारी!

*

चांदवडकडचा तुकडा आला. पुण्याच्या एका मॅडमनं शेतात लांबलचक होस्टेलं काढलेली. ओळीनं सात! मी प्रणालीला म्हटलं, "लिही तिला, बाई, या कांद्याच्या चाळी. तुझ्या होस्टेलात कांदे राहतात. वारा खात पडलेत."

मॅडमचं उत्तर, "सॉरी आजी! पण कांद्यांना एवढी मोठी जागा?"

"मग! तुझ्या फ्लॅटपेक्षा मोठी!"

*

आमच्याच बोळातून कुणीतरी मोटारीचा रस्ता काढला. ज्या बोळात दोन बाया समोरासमोर आल्या तर एकीनं ओट्यावर चढायचं! आठवड्यात एक गाडी येऊन अडकली. दार उघडेना, हॉर्न थांबेना. मी पुढ्यात खुर्ची टाकून बसले.

"आजी, सरका ना!"

"का? मोबाईलात रस्ता हाय ना? जा की!"

दुपारभर रिव्हर्स घेत होता बिचारा. चहा मीच पाजला, खिडकीतून.

*

हे झालं हसायचं. आता माझं डोकं कुठं फिरलं ते ऐक.

आमच्या सगळ्यांच्या वर एक सर हायेत. शेवटचं बटण त्यांच्या हातात. माणूस बघतच नाय! दाबलं, "बरोबर." दाबलं, "बरोबर." मी बोलले तर म्हणे, "आजी, स्पीड महत्त्वाचा."

स्पीड! माझं माहेर सुरगाण्याच्या डोंगरात, छोटासा पाडा. तिथला ओढा उन्हाळ्यात कोरडा, फोटोत पांढराफेक. कुणीतरी त्याला रस्ता म्हणून आखलं, सरांनी "बरोबर" केलं. माझ्या भावाची सून कमल, दिवस भरलेली. कळा सुरू झाल्या, जीप बोलावली. ड्रायव्हर नवा. मोबाईल बघत आला नि ओढ्याच्या वाळूत रुतला. शेवटी बायांनी कमलला झोळीत घालून खऱ्या रस्त्यापर्यंत नेली. रस्त्याच्या कडेला बाळंत झाली पोर. दोघं वाचली. पण आता ओढ्याला पाणी येणार. पुढची जीप रुतणार नाय, वाहून जाईल!

मी तो रस्ता पुसायला लावला. सरांनी परत आणला!

"आजी, फोटोत रस्ता स्पष्ट दिसतोय. तुमच्याकडे पुरावा काय?"

"लहानपणी त्या ओढ्यात खेकडे धरलेत मी!"

"तो पुरावा चालत नाही."

मेल्याला! दोन दिवस जेवण गोड लागलं नाय मला.

*

मग मी प्रणालीला म्हटलं, "सरांचा बंगला काढ. आणि लिही, म्हशींचा गोठा."

"आजी, नको गं! खोटं लिहायचं नसतं."

"सर तपासतीलच की."

दहा मिनिटांत उत्तर. "बरोबर. छान काम, आजी!"

रविवारी सगळ्यांची मीटिंग त्याच बंगल्यावर. मी दारातच थांबले, नाकाला पदर लावून.

"या ना आजी, आत या."

"येते. म्हशी बांधल्यात ना?"

प्रणालीनं मोबाईल पुढं केला. सर लालबुंद! "अहो, हे माझं घर आहे! मी इथं राहतो!"

"तो पुरावा चालत नाय, सर."

सर लगबगीनं लॅपटॉप उघडून बसले. मी त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिले.

"आधी ओढा," म्हटलं. "मग गोठा."

झालं! ऊठ आता, जा घरी. मला लसूण सोलायचाय.