पाठकोरे कागद

वरठीच्या रस्त्यावर माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान आहे. धानखरेदीची नोंदणी सुरू झाली की सातबारा, आधार, पासबुक घेऊन माणसे रांग लावतात आणि मी त्यांच्यावर खेकसत असते. "ओटीपी कोणालेच सांगू नका! माह्या नवऱ्यानं मांगला तरी नाई!" लोक हसायचे. मला वाटायचे, आपल्यामुळे गाव शहाणे होते आहे.

वाकडी किंवा काळपट आलेली झेरॉक्स मात्र मी कधी फाडली नाही. मागची बाजू कोरी, टाकवत नसे. असे पाठकोरे कागद साठले की गठ्ठाच समोरच्या भजेवाल्याला देऊन टाकायचे. तोही मग माझ्या पुड्यात दोन भजी जास्त घाली.

एका बाजाराच्या दिवशी पुड्यातले शेवटचे भजे उचलले, तर तेलाने भिजलेल्या कागदातून एक चेहरा दिसला. कागद उलटला. घरामागच्या मावशीचे आधार! पूर्ण नंबर, जन्मतारीख, पत्ता, आणि खाली माझ्याच अक्षरात तिचा मोबाइल नंबर.

धावत जाऊन उरलेले कागद मागितले, तर भजेवाला म्हणाला, "बाजारात सप्पा बांधून देले ना बाई, एकबी नाई उरला. काहून?"

काहून, ते सांगायची हिंमत झाली नाही. त्या गठ्ठ्यात आणखी कोण कोण होते, देव जाणे. पुढचे कितीतरी दिवस दुकानासमोर कोणी अनोळखी थांबला तर मी मान वर करत नसे.

आणि मग मावशीच आली. घरी हवालदार येऊन गेला होता. तिच्या नावावरच्या सिमवरून कोणीतरी लोकांना फसवत होते आणि तिला ठाण्यात बोलावले होते. तिच्याकडे तर एकच जुना बटणाचा फोन.

"मले आत टाकतीन काय वो?" तिने विचारले. "मी तं कोणालेच कागद देले नाई. तुह्याशिवाय कोणालेच नाई."

ती मला दोष देत नव्हती. म्हणूनच मला तिच्याकडे बघवेना. ते सिम माझ्याच कागदावरून निघाले की दुसरीकडून, हे मला आजही माहीत नाही. गप्प राहिले असते तर कोणाला कळलेही नसते. बाकावर दोन गिऱ्हाइके बसली होती. तरी तोंडून निघालेच, "मावशी, तुमचा कागद माह्याच दुकानातून बाहेर गेला."

बाकाकडे नजर टाकून तिने माझा हात घट्ट दाबला.

"हळू बोल, माय. लोकं ऐकतीन तं तुह्या दुकानात येतीन काय?"

ठाण्यात तिला जायचे होते आणि काळजी ती माझ्या दुकानाची करत होती. गिऱ्हाइकांना मी उद्या या म्हटले, शटर ओढले आणि तिच्याबरोबर निघाले. आता तिथे तोंड उघडायचे होते ते मलाच.