भाजीवालीला म्हणायचा शब्द

आज मी सदस्य असलेल्या बालकल्याण समितीपुढे आनेकल गावाहून एका मुलीला आणलं, केसांत साखरपुड्याचा गजरा तसाच. त्या वासासरशी मी चामराजपेटेतल्या आमच्या मराठी घरात पोचले. मी तेरा वर्षांची होते, पाहुणे बघायला आले होते आणि ओला गजरा मानेला गार लागत होता. तेवढ्यात शाळेतल्या बाई आल्या. त्यांनी सगळ्यांदेखत मलाच विचारलं, “तुला हे लग्न हवंय का गं?”

आमच्यात मोठ्यांना ‘नको’ म्हणत नसत. माझ्या तोंडून भाजीवालीला ‘नको’ म्हणायचा कन्नड शब्द निघाला, “बेडा.”

माझे वडील, अण्णा, माझ्याकडे वळले. मग तेही कन्नडमध्येच म्हणाले, “सरी, ठीक आहे. शिकू दे.”

जीभ घसरली म्हणून तेव्हा मी दिवसभर लाजत होते.

समोरच्या मुलीला म्हटलं, “जमेल त्या भाषेत सांग. ‘नको’ मला सगळ्या भाषांतलं कळतं.”