साडूचा नंबर

आमच्या घराखाली दोन गाळे आहेत आणि त्या दोन गाळ्यांत दोन साडू आहेत. मधे प्लायवुडची भिंत. ती इतकी पातळ, की इकडे कुणी शिंकलं तर तिकडून 'सर्दी झाली वाटतं' असं ऐकू यावं. दोघांचा धंदा एकच, वेताच्या खुर्च्या विणायचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरल्या साडूंना सगळे 'भाऊ' म्हणतात आणि धाकट्याला नुसतं 'धाकटा'. मी दोघांचीही वहिनी. माझी गॅलरी बरोबर त्यांच्या दारांवर येते. यात माझा काही दोष नाही, घर मी बांधलेलं नाही.

भाऊंचा हात म्हणाल तर सोन्याचा. वेताच्या पट्ट्या घमेल्यात भिजत घालायच्या, खुर्चीच्या चौकटीतल्या भोकांतून आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरक्या ओवायच्या, कोपऱ्यात लाकडी खुंटी ठोकून ताण धरायचा. भाऊंनी विणलेल्या बैठकीवर बोटानं टिचकी मारली तर डफासारखा आवाज येतो. असा माणूस सुखी असायला काय हरकत होती? पण भाऊंना एक दुखणं होतं. ते पोटात होतं आणि रोज सकाळी धाकट्यानं शटर वर केलं की सुरू व्हायचं.

धाकट्यानं दारावर दिवा लावला, तर भाऊंनी दोन लावले. मग लक्षात आलं, की दुसऱ्या दिव्याचा निम्मा उजेड धाकट्याच्या दारात पडतोय. लगेच शिडी मागवून तो काढला. धाकट्याकडे गिऱ्हाईक आलं की भाऊ उगीच बाहेर येऊन कुलूप तपासायचे. सासरी दोघं शेजारी जेवायला बसले, की सासूबाई कुणाला आधी वाढतात हे सासूबाईंपेक्षा भाऊंच्या जास्त ध्यानात असायचं.

"भाऊ," मी एकदा वरूनच म्हटलं, "डोळ्यांचा नंबर वाढेल तुमचा. सारखं तिरकं बघता."

"मी हवा बघत होतो, वहिनी."

"हवा धाकट्याच्या गाळ्यात शिरली का मग?"

भाऊ शटर अर्धं ओढून आत गेले. त्या दिवशी माझा चहा फार गोड लागला.

तर अशात फर्निचरच्या शोरूमचा मालक एक बातमी घेऊन आला. इटलीची एक बाई येणार होती. तिकडच्या कुठल्याशा हॉटेलासाठी तिला खुर्च्या विणून हव्या होत्या. काम वर्षभराचं, पण माणूस मात्र एकच पाहिजे, कारण एका हाताची वीण दुसऱ्या हाताशी जुळत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बाई येईल, तुमचं काम बघेल, दोघांचे नंबर घेईल," शोरूमवाला दोन्ही दारांच्या बरोबर मधे उभा राहून म्हणाला. "नंतर जो पसंत पडेल त्याला तिचा फोन येईल. नंबर ज्याचा त्यानं द्यायचा. मी मधे पडणार नाही. एकाची बाजू घेतली तर दुसऱ्याची बायको माझ्या बायकोशी बोलायची बंद होईल. आणि हो, बाईंचं इंग्रजी जेमतेम आहे. त्यांच्या भाषेत दोन शब्द बोललात तर खूश होतील."

धाकट्यानं त्याच संध्याकाळी मोबाईलवर इटालियनचे धडे लावले. नवशिक्यांसाठीचे. नाव सांगा, पत्ता सांगा, फोन नंबर सांगा, असा तो धडा. काम आटोपलं की तो स्टुलावर बसून मोठ्यानं घोकायचा, "मी क्यामो…" म्हणजे माझं नाव अमुक. मग "इल मिओ नुमेरो दि तेलेफोनो ए…" म्हणजे माझा फोन नंबर आहे, आणि पुढे सगळे आकडे एका दमात, "नोवे, ओत्तो, सेत्ते, सेत्ते, दुए…" असे, शेवटी "चिंक्वे, चिंक्वे, ओत्तो!" शेवटच्या 'ओत्तो'वर तो मांडीवर थाप मारायचा.

भाऊंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी बायकोला म्हणाले, "खुर्च्या विणायला तोंड लागतं का? हात लागतात." तिसऱ्या दिवशी ते घमेलं प्लायवुडच्या भिंतीजवळ सरकवून तिथंच वेत भिजवायला लागले.

भाऊंची बायको म्हणजे ताई, आली की माझ्याकडे सगळं ओतून मोकळी होते. तिनंच सांगितलं.

"अहो, भिंतीला कान लावून काय करताय?" तिनं विचारलं.

"प्लायवुडला वाळवी लागली का बघतोय."

"वाळवी इटालियन बोलते वाटतं."

थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "त्याचा 'चिंक्वे' चुकतोय. 'क्वे' नीट येत नाही त्याला."

"तुम्हाला काय माहीत, कसा येतो ते?"

"माझा येतो ना!"

आणि खरंच यायचा. धाकट्याचा आवाज थांबला की भाऊ सुरू. दबक्या आवाजात, पण असा ठसका लावून, की ती जीभ जन्मापासून तिकडचीच वाटावी. नाव तेवढं स्वतःचं घालायचे. बाकी चाल धाकट्याची, आकडेही धाकट्याचे, फक्त त्याच्यापेक्षा सरस. मी गॅलरीत कपडे वाळत घालत दोघांचंही ऐकायची. कपडे कधीच वाळलेले असायचे.

ताईनं टोकलंही. "अहो, पण हा नंबर तर त्याचा आहे!"

"कळतं मला," भाऊ म्हणाले. "आधी चाल बसू दे. मग त्यात माझे आकडे घालतो."

घातले त्यांनी. बाई यायच्या दोन दिवस आधी. दोन दिवस ते स्वतःचा नंबर अडखळत घोकत होते, आणि तेवढ्यात पलीकडून धाकट्याचा आवाज आला की यांची जीभ आपसूक जुन्या वाटेनं पळायची.

बाई आल्या. केस आखूड, चष्मा कपाळावर चढवलेला, पायात साधे बूट. सोबत शोरूमवाला. आम्ही सगळे दारात. मी खाली कशाला गेले असं विचारू नका, पायरीवर माझं काम होतं. दोन्ही साडूंनी आपापली एकेक खुर्ची रस्त्यावर मांडली होती. बाईंनी खुर्च्यांवर बसून बघितलं नाही. त्यांनी त्या उलट्या केल्या. खालची बाजू बघितली, कोपऱ्यांतल्या खुंट्यांवरून अंगठा फिरवला. भाऊंच्या खुर्चीचा चौथा कोपरा त्यांनी दोनदा चाचपला. भाऊंचा श्वास अडकला होता. तो मला दिसत होता.

मग धाकटा पुढे झाला. हात पुसले आणि म्हणाला, "बोन्जोर्नो. मी क्यामो…" नाव सांगितलं, पत्ता सांगितला, नंबर सांगितला. हळू, थोडं चुकत, पण हसत. मांडीवर थाप मारायचं विसरला नाही. बाई खळखळून हसल्या. मोबाईलमध्ये नंबर टिपताना त्यांनी एक आकडा परत विचारला, त्यानं परत सांगितला.

ते हसू भाऊंच्या काळजात गेलं. खुर्चीचा कोपरा विसरले, अंगठा विसरले. तो हसवून गेला, आता आपण त्याच्यावर ताण केली पाहिजे, एवढंच चेहऱ्यावर दिसत होतं. पुढे आले, छाती काढली, आणि जे सुटले! "मी क्यामो…" स्वतःचं नाव, "इल मिओ नुमेरो दि तेलेफोनो ए…" आणि पुढे धबधबा. नोवे, ओत्तो, सेत्ते, सेत्ते, दुए… शेवटी "चिंक्वे, चिंक्वे, ओत्तो!" आणि मांडीवर थाप.

धाकट्याची! थापसुद्धा धाकट्याची!

मला इटालियनचं ओ की ठो कळत नाही. पण इतके दिवस गॅलरीत उभं राहिल्यावर धाकट्याचा नंबर मी झोपेतही म्हटला असता. मी धाकट्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. बाईंनी नंबर टिपला, मान डोलावली आणि दोघांशी हात मिळवून गेल्या. भाऊ असे वळले, जणू शर्यत जिंकली.

मला राहवेना. चारचौघांत विचारलं, "भाऊ, नंबर कधी बदललात?"

"कुणी?"

"तुम्ही. आता सांगितलात तो धाकट्याचा ना?"

भाऊंच्या चेहऱ्यावरचा रंग आधी कानाकडे गेला, मग सगळाच गेला. ओठ हलवून त्यांनी मनात आकडे म्हणून बघितले. बाई अजून कोपऱ्यापर्यंतच पोचल्या होत्या. धावत जाऊन 'चुकलं, माझा नंबर हा' एवढं म्हणायचं होतं. पण मग 'त्याचा नंबर तुम्हाला पाठ कसा' या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते उत्तर प्लायवुडच्या भिंतीला टेकलेलं होतं. धाकटा समोर उभा. त्याची बायको उभी. मी तर होतेच.

भाऊंनी घसा साफ केला. "मुद्दामच दिला," ते म्हणाले. "आमचं काय वेगळं आहे का? एक घर, एक नंबर. मला काय, त्याला काय."

मग शेजारचा शिंपी म्हणाला, "मन मोठं लागतं!" आणि ते 'मोठं मन' संध्याकाळपर्यंत रस्ता फिरून आलं. दूधवाला थांबून नमस्कार करून गेला. सासूबाईंनी फोन करून जावयाचं कौतुक केलं. ऐकताना भाऊंचा चेहरा असा होता, की कुणीतरी कडू औषध पाजतंय आणि वर 'गोड आहे ना' विचारतंय.

पुढचे दिवस भाऊंनी कसे काढले ते मी बघितलंय. स्वतःचा फोन पालथा घालून ठेवायचे आणि धाकट्याचा वाजला की हातातली पट्टी मोडायचे. भिजलेला वेत सहसा मोडत नाही. शोरूमवाल्याकडे जावं म्हणून दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली.

"जाऊन सांगा की खरं," ताई म्हणाली.

"काय सांगू? की माझं मन लहान आहे म्हणून?"

"ते त्यांना माहीतच असेल."

"पण आता सगळे मोठं म्हणतायत ना!"

एके दुपारी धाकट्याचा फोन वाजला. तो बोलत होता, पण शब्द मराठी नव्हते. मी गॅलरीत होतेच. भाऊ खुर्चीत खुंटी ठोकत होते, हातोडी वर गेली ती वरच राहिली.

धाकट्यानं "बोन्जोर्नो" म्हटलं, स्वतःचं नाव सांगितलं. फोन स्पीकरवर होता, पलीकडून बाई भराभरा काहीतरी बोलल्या. धाकट्यानं पुन्हा नाव सांगितलं, नंबर सांगितला, पत्ता सांगितला. त्याला तेवढंच तोंडपाठ होतं, बिचारा तेच उलटसुलट वाढत होता. बाई "नो, नो" म्हणाल्या आणि त्यांनी एक नाव घेतलं. असं घेतलं, की ठेवणाऱ्या आईबापांनाही ओळखू आलं नसतं. पण होतं भाऊंचंच.

"भाऊ!" धाकटा ओरडला. "अहो भाऊ, इकडे या!"

भाऊ हातोडीसकट त्याच्या दारात. मीही जिना उतरून दारात. धाकट्यानं फोन समोर धरला. त्यानं भाऊंकडे बघितलं. मला खरं सांगायचं तर वाटलं, आता हा फोन ठेवणार, नाहीतर 'मीच तो' म्हणणार. वर्षभराचं काम हो! आणि नंबर त्याचाच होता, कुणी चोर म्हटलं नसतं.

धाकटा सावकाश, एकेक शब्द तोलत म्हणाला, "इल सुओ नुमेरो…" म्हणजे त्यांचा नंबर. हा भाग धड्याच्या शेवटी होता. आपल्याला सगळं आलं असं समजून भाऊंनी तोपर्यंत घमेलं भिंतीपासून उचललेलं, म्हणून हे शब्द त्यांना आलेच नव्हते. भाऊंच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेल्या नंबराकडे मान वाकडी करून बघत धाकट्यानं एकेक आकडा इटालियनमध्ये सांगितला. एकावर अडला, बोटं मोजली, पुढे गेला. शेवटच्या आकड्यावर बाई पलीकडून जोरात म्हणाल्या, "ब्राव्हो! ब्राव्हो!"

फोन बंद झाला.

"तुम्ही माझा नंबर दिलात, भाऊ," धाकटा अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला. "मी तुमचा परत दिला. एक घर."

तेवढ्यात पलीकडच्या गाळ्यात भाऊंचा फोन वाजला. ते पळाले. या वेळी "मी क्यामो" म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक होता, की मला कान द्यावे लागले. दुसऱ्या दिवशी बाई शोरूमवाल्याला घेऊन आल्या, चौथ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि वर्षभराचं काम भाऊंना देऊन गेल्या. धाकट्यानं ताईच्या हातून साखर खाल्ली आणि आपल्या घमेल्याकडे वळला.

संध्याकाळी भाऊ माझ्या जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. मी म्हटलं, "काय भाऊ, आता तरी पोट शांत?"

"काम मिळालं हो, वहिनी," ते म्हणाले. मग बराच वेळ धाकट्याच्या दाराकडे बघत राहिले. "पण 'ब्राव्हो' त्याला म्हणाली."

"ब्राव्हो म्हणजे काय, माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही," भाऊ म्हणाले. "पण दोनदा म्हणाली."