स्वतःचे कपडे धुणारा नवरा

लग्नाला पाच वर्षं झाली होती, पदरात एक मुलगी होती आणि मला दुसरं मूल हवं होतं. त्याच वर्षी पौषात माझ्या नवऱ्याने स्वतःचे आतले कपडे स्वतः धुवायला घेतले. जेवल्यावर कधी आपलं ताट न उचललेला माणूस, पण वाशिंदच्या कारखान्यातून आला की आधी मोरीत शिरायचा आणि चड्डी खसाखसा घासायचा. किन्हवलीच्या बाजूला आमचं लहानसं गाव, तिथे अशी बातमी पसरायला किती वेळ लागतो? नदीवर बायका म्हणाल्या, "नशीब काढलंस गो. आमच्यांना रुमालसुद्धा पिळता येत नाय." सासूने तोंड वाकडं केलं, पोरगा बाईलवेडा झाला म्हणाली. मी हसण्यावारी नेलं, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. घरातले कपडे जी बाई धुते तिच्यापासून घरातलं काही लपत नाही. मग ह्याला माझ्यापासून काय लपवायचं होतं?

मी मुळातच संशयी. वाण्याने साखर तोलली तरी माझा डोळा काट्यावर असतो. मी खिसे तपासले, शर्टाचा वास घेतला, डब्याच्या पिशवीत हात घातला. काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखी वाढला. कारखान्याच्या कँटीनमध्ये कुणी बाई असणार असं मी धरून चालले. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी तिचं नाक, तिची टिकली, तिचं हसणं, सगळं मी मनातल्या मनात तयार केलं होतं आणि चुलीपाशी बसून तिला रोज शिव्या घालत होते.

मग त्याने आईकडे धने-जिऱ्याचं पाणी मागितलं. लघवीला जळजळतं, उन्हाळी लागलीय म्हणाला. बाहेर अंगावर गोधडी घेऊन बसायचे दिवस. मी विचारलं, "थंडीत उन्हाळी कशी लागली?"

"आठ तास मशीनपाशी उभा असतो. तुला काय कळतंय?" असं म्हणून त्याने तांब्या तोंडाला लावला.

आठ-दहा दिवस तो माझ्या जवळ आला नाही. नंतर धन्याचं पाणी बंद झालं, कपडे पुन्हा माझ्याकडे धुवायला आले, आणि तोही पहिल्यासारखा वागायला लागला. मला वाटलं, सुटली ती कँटीनवाली. मी देवापुढे दिवासुद्धा लावला. इतकी मूर्ख मी.

चैत्रात माझं ओटीपोट दुखायला लागलं. अंगावरून पिवळट जायचं, त्याला वास यायचा. मधल्याच दिवसांत डाग दिसायचे, रात्री कणकण यायची. सासूला सांगितलं तर म्हणाली, "बायकांचं असतंच तसं. उष्णता आहे. सब्जा भिजत घाल." मी महिनाभर सब्जा खाल्ला. नवऱ्याजवळ जाताना इतकं दुखायचं की मी ओठ चावून पडून राहायचे. शेवटी मुलीला डोस द्यायचाय असं सांगून शहापूरच्या सरकारी दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि सरळ विचारलं, "मालकांना मधे कधी लघवीला जळजळ होती? पू यायचा? कपड्यांना डाग?"

मोरीतला तो खसाखसा आवाज मला तिथल्या तिथे ऐकू आला. बाईंनी समजावून सांगितलं, की हा रोग संबंधातून लागतो. पुरुषाला बहुतेक वेळा चार-आठ दिवसांतच त्रास सुरू होतो, बाईला कित्येकदा काही कळतच नाही. कळतं तोवर तो आत गर्भाच्या नळ्यांपर्यंत गेलेला असतो. "एकटीने गोळ्या घेऊन उपयोग नाही," त्या म्हणाल्या, "दोघांनी एका वेळी घ्यायच्या. त्यांना घेऊन या."

घरी येऊन मी त्याला सांगितलं. तो पाटावरून उठलाच. "मला काय झालंय? मी ठणठणीत आहे. रोग तुला झालाय, तर तू सांग कुठं गेली होतीस." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मला आजार होता म्हणून मीच बाहेरख्याली ठरले, आणि तो बरा दिसत होता म्हणून सभ्य. मला इतका राग आला की हातातलं उलथणं मी चुलीत टाकलं.

चार दिवसांनी माळ्यावर त्याच्या जुन्या बुटात एक कागदी पाकीट सापडलं. आत गोळ्यांची रिकामी पट्टी होती आणि पाकिटावर वाशिंदच्या एका डॉक्टरचा शिक्का. दुसऱ्याच दिवशी तो रात्रपाळी करून झोपलेला असताना मी मुलगी सासूकडे ठेवून वाशिंदला गेले. मला त्या कँटीनवालीचं नाव काढायचं होतं. डॉक्टर म्हातारे होते. पाकीट बघून त्यांनी चष्मा वर केला, मला नवऱ्याचं नाव विचारलं आणि म्हणाले, "आलात का माहेरून? बराच उशीर केलात."

"कुठून?"

"मी मालकांना तीनदा सांगितलं, बायकोलाही औषध द्यायचंय, घेऊन या. ते म्हणाले, ती माहेरी आहे, सहा महिने येणार नाही."

ते सगळे महिने मी रोज पहाटे त्याचा डबा भरत होते. तो कुणाकडे गेला होता, हे विचारायचं मग राहूनच गेलं. आजही मला ते माहीत नाही, आणि खरं सांगते, त्याचं मला फार वाटतही नाही. त्याला माहीत होतं, ह्याचंच वाटतं.

पाकीट समोर ठेवल्यावर तो मुकाट्याने शहापूरला आला. दोघांनी गोळ्या घेतल्या. माझं दुखणं थांबलं, दिवस मात्र पुन्हा राहिले नाहीत. दोन वर्षांनी कल्याणला गर्भाच्या नळ्यांचा फोटो काढला, तेव्हा दोन्ही बंद निघाल्या.

सासूला ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. तिने ठरवलं, कुणाची तरी नजर आहे, वैशाखरे गावच्या भगताला दाखवायचं. नवऱ्याने रजा टाकली, नारळ आणला, कोंबडी आणली. ह्या माणसाला कोंबडी आणताना लाज वाटली नाही, ह्याची मला चीड आली. मी ओट्यावर बसले आणि म्हटलं, "मी येणार नाय. आधी ह्यांना विचारा, वाशिंदच्या डॉक्टरला मी कुठं आहे म्हणून सांगितलंन."

त्याने नारळ ओट्यावर ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "माहेरी आहे म्हणून सांगितलं."

"म्हणजे काय?" सासू म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं. त्याची जळजळ, कपड्यांचे डाग, माझं ओटीपोट, ताप, पिवळं जाणं, बंद नळ्या. वाटलं होतं, मुलाची बाजू घेईल, मला वाट्टेल ते बोलेल. ती माझ्याशेजारी बसली. "मधीच डाग लागायचं?" तिने विचारलं. "आणि जवळ जाताना दुखायचं?"

"हो."

"तुजा सासरा लाकडाच्या ट्रकवर जायचा," ती म्हणाली. "ह्यो झाला, आणि त्याच्या पाठीवर मला काय राहिलंच नाय. धा-बारा वर्सं भगताकडं नेत होता मला. सोताच न्यायचा, कोंबडी घेऊन." तिने कोंबडीकडे पाहिलं. "त्यालाबी ठावूक असंल का गो?"

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. आयुष्यभर प्रत्येकावर संशय घेतलेली मी, पण तेव्हा तिला 'नसेल' म्हणावंसं फार वाटलं.

"असंल, आई," मी म्हटलं.