मंद चमकणाऱ्या पेशी

पेशीतल्या प्रथिनांना चमक जोडण्यात माझी बरीचशी तिशी गेली. जेलीफिशमधून मिळालेले, निळा उजेड पडताच हिरवे चमकणारे प्रथिन शेपटीसारखे आपल्या प्रथिनाला जोडायचे आणि जिवंत पेशीत त्याचा वावर पाहायचा, असे ते काम. सकाळी नाशिकच्या महाविद्यालयात शिकवून मी दुपारी तळघरातल्या, काळा कागद लावलेल्या खोलीत बसत असे. पेशीच्या सांगाड्याचे धागे दिसत, पण एकमेकांत विरघळल्यासारखे. ते सुटे दाखवणारे यंत्र मुंबईच्या एका संस्थेत नुकतेच आले होते. त्यावर मला एका दुपारची पाळी मिळाली.

धागे सुटे दिसले की प्रबंध पुरा होणार होता, आणि मग आम्ही पुण्याला जाणार होतो. तिथल्या एका शाळेने माझ्या पत्नीसाठी जागा जूनपर्यंत राखली होती. माझ्यासाठी तिने अशी एक जागा आधीच सोडली होती.

पेशींना अंगाची ऊब लागते. म्हणून त्यांची बंद कुपी तिने शालीखाली पोटाशी धरली आणि आम्ही सीटवारी टॅक्सीत बसलो. इगतपुरी मागे पडली आणि घाटात एक कंटेनर आडवा झालेला. पुढे ट्रक, मागे ट्रक. दार उघडण्याइतकीही जागा नव्हती.

"मॅडम, शालीत एवढं काय सांभाळताय?" चालकाने आरशातून विचारले.

"यांच्या पेशी. जिवंत आहेत."

"जिवंत हाय? मग त्यांची पण सीट भरा की!"

टॅक्सी हसली. "यांनाच सांगा," ती म्हणाली. "घरात माझ्यापेक्षा लाड त्यांचेच."

मीही हसलो, आणि घड्याळाकडे पाहिले.

पोहोचलो तेव्हा पाळी सरत आली होती. मी सवयीने सर्वांत तेजस्वी पेशी निवडल्या. तळघरातल्या जुन्या दिव्याखाली त्याच चटकन दिसत, म्हणून वर्षानुवर्षे मी त्याच निवडत आलो होतो. पडद्यावर मात्र धाग्यांऐवजी जाड दोरखंड उमटले. एकामागून एक, प्रत्येक पेशीत तेच.

यंत्र चालवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "सर, यांच्यात शेपटीवालं प्रथिन फारच झालंय. त्यानंच धागे एकमेकांना चिकटतात. मंद पेशी नाहीत का?"

होत्या, कडेला. त्यांतली एक समोर घेतली आणि धागे सुटे दिसले, केसाहून कितीतरी बारीक. पण ज्या उजेडात पाहायचे, त्याच उजेडात ती चमक विझत जाते. एक चित्र मिळाले. दुसऱ्यात अंधार होता. दारात पुढच्या पाळीचा माणूस उभा होता. एका चित्रावर प्रबंध उभा राहत नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

परतीच्या टॅक्सीतही कुपी तिच्या शालीखालीच होती.

"आता ठेव ती. काही उरलं नाही त्यात."

"असू दे." घाट चढून झाल्यावर तिने शाल कुपीभोवती पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "शाळेला नाही म्हणून कळवू?"

"तू एकटी जा पुढे," एवढे म्हणायला हवे होते. शब्द जिभेवर आले होते. मी म्हणालो, "कळव."

दुसऱ्या दुपारी मी पुन्हा तळघरात उतरलो. मंद पेशी दिसायच्या तर डोळे अंधाराला सरावेपर्यंत स्वस्थ बसावे लागते. मी दिवा न लावता बसून राहिलो. तेव्हा ती घरी शाळेला पत्र लिहीत होती.