कागदी लिंबू, नग एक

कुंड्या आणि किस्से सारखेच वाढतात. आपण मुद्दाम एकही आणत नाही. कुणी फांदी देतं, कुणी पिशवीतून रोप ठेवून जातं, आणि एक दिवस लक्षात येतं की ओट्यावर पाय ठेवायला जागा उरलेली नाही. आमच्या खमरियाच्या फॅक्टरी कॉलनीतल्या बागवाल्यांचे किस्से असेच साठलेत.

बागवाले म्हणजे तीनच घरं. आम्ही नवरा-बायको, शेजारच्या दुबे दीदी आणि समोरच्या क्वार्टरमधले इंगळे भाऊ. दर रविवारी सकाळी आमच्या अंगणात चहा. अंगणाच्या मधोमध माझं कागदी लिंबू, बावीस वर्षांपूर्वी मी स्वतः लावलेलं. गेल्या वर्षी यांची रिटायरमेंट जवळ आली. जो तो विचारायचा, फ्लॅट कुठे घेतला? मला घोर वेगळाच होता. कुंड्या टेम्पोत जातील, पण जमिनीतलं लिंबू क्वार्टरमध्येच राहणार. पुढचा माणूस ते ठेवेल, की गाडी उभी करायला तोडून टाकेल?

* * *

इंगळे भाऊंची सारी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. त्यांनी घरातल्या प्रत्येक कुंडीला नंबर टाकला आणि रोज सकाळी सहाला प्रत्येकीला बरोबर एक मग पाणी. जास्वंदीला एक मग, निवडुंगालाही एकच मग. महिनाभरात निवडुंग बुडाशी कुजला.

मी म्हटलं, "भाऊ, आधी मातीत बोट घालून पाहा. दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी."

भाऊ गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, पण बोटाचं कॅलिब्रेशन कोण करून देईन?"

आता ते बोट घालतात. बोटावर पेनानं खूण केलेली असते.

* * *

दुबे दीदींचा कढीपत्ता मलूल झाला होता. मी सांगितलं, आंबट ताकात भरपूर पाणी मिसळून घाला. आठ दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली. जाऊन बघते तर मातीवर मोहरी आणि जिरं!

"दीदी, क्या डाला था?"

"छाछ ही तो डाली थी। कल की बची हुई, नमक-छौंक वाली। मैंने सोचा, कढ़ी में यही पत्ता पड़ता है, इसको तो पसंद आएगी।"

सगळी माती बदलली. झाड वाचलं. दीदी आजही म्हणतात की त्याला जिरं मानवलं नाही, एवढंच.

* * *

लिंबाला फूल हवं असेल तर आधी ताण द्यावा लागतो. काही आठवडे पाणी तोडायचं, पानं सुकू लागली की शेणखत घालून पोटभर पाणी द्यायचं. एका डिसेंबरात मी सगळ्यांना ताकीद दिली, लिंबाला कुणी पाणी घालायचं नाही. तीन आठवडे झाले तरी पानं टवटवीत. माती रोज ओली.

शेवटी एका दुपारी मी खिडकीशी बसून राहिले. आधी हे आले, हातात पाण्याची बाटली. मग कुंपणावरून दीदींनी तांदळाचं धुवण ओतलं. तीन वाजता इंगळे भाऊ आले, बरोबर एक मग घेऊन.

मी बाहेर येऊन विचारलं, "भाऊ, काहून पाणी घालून राहिले?"

भाऊ म्हणाले, "वहिनी, त्याच्याकडे पाहावलं नाही हो."

त्या वर्षी एकही फूल आलं नाही. मला रागही धरता आला नाही.

* * *

ऐन मे महिन्यात यांचं हृदयाचं ऑपरेशन निघालं. आम्ही बावीस दिवस नागपुरात होतो. झाडांचं कुणाला सांगायचीही शुद्ध नव्हती. सगळं वाळलं असेल असं धरूनच परतलो. ऑटोतून पाहिलं तर अंगण हिरवंगार आणि फाटकाला कागद चिकटवलेला. ए शिफ्ट इंगळे, बी शिफ्ट दुबे. मी ऑटोतच रडायला लागले.

भाऊ मान खाली घालून म्हणाले, "एक गुलाब गेला, वहिनी. रिपोर्टात लिहिला आहे."

या दोघांचे आभार मी कधी धड मानले नाहीत. म्हणून ते इथे मानते.

* * *

आणि मग क्वार्टर सोडायचा दिवस आला. आमच्या जागी पायल नावाची नव्यानं लागलेली मुलगी येणार होती. क्लार्कनं यादी पुढे केली: पंखे, नळ, कुलपं. ती सही करणार तोच इंगळे भाऊ म्हणाले, "थांब बेटा. चार्ज पाहिल्याबिगर घ्यायचा नसते."

ते तिला लिंबापाशी घेऊन गेले. ती बिचारी खरं तेच बोलली. "काकू, मला झाडांचं काहीच येत नाही. मेरे से तो मनीप्लांट भी मर गया था."

भाऊंनी यादीच्या खाली पेनानं लिहिलं: कागदी लिंबू, नग एक. तिनं ते वाचलं, झाडाभोवती एक चक्कर मारली आणि समोर लिहिलं: चालू हालत में प्राप्त.

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन. काकू, नवी पालवी आली. काकू, पानांवर अळी आहे, क्या करूँ? काकू, पाणी तोडलं आहे, मला फार वाईट वाटून राहिलं. मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून ऐकते.

या फेब्रुवारीत मात्र तिचा फोन मंगळवारी आला. तिची बदली झाली होती.

"आणि लिंबू?" मी विचारलं.

"वही तो, काकू। नवे भैया सामने खड़े हैं। साइन नहीं कर रहे।"

"काहून? तोडायचं म्हणतात का?"

"नहीं काकू. म्हणतात, पहले सारे फूल गिनूँगा।"